बिलिंग काउंटरवरचं क्रेडिट कार्ड घेऊ का?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: आम्ही कोथरूडला राहतो. मी एका खाजगी शाळेच्या ऑफिसात आहे, मिस्टर चाकणला कंपनीत, मुलगी पाचवीत. दोघांचे मिळून महिन्याला ८० हजारांच्या आसपास हातात येतात. किराणा, मुलीचे कपडे, घरातलं बारीकसारीक असं एका मोठ्या चेनच्या दुकानातून घेतो, महिन्याला साधारण ६ हजार होतात. गेले काही महिने बिल करताना तिथली मुलगी दर वेळी म्हणते, मॅडम आमचं क्रेडिट कार्ड घ्या, आजच्या बिलावर लगेच १० टक्के कमी करते. कार्ड एका बँकेबरोबरचं आहे. वर्षाला ४९९ रुपये अधिक टॅक्स, वर्षात कार्डावर १ लाख खर्च झाले तर फी माफ. दुकानात १०० रुपयांना ४ पॉइंट, बाहेर १ पॉइंट, एक पॉइंट म्हणजे २५ पैसे. शिवाय ५०० चं वेलकम व्हाउचर. मिस्टर म्हणतात कार्ड म्हणजे कर्ज, आपल्या घरात नको. माझ्या जावेकडे चार कार्डं आहेत, ती म्हणते तू दर वर्षी हजारो रुपये उगाच सोडतेस. पुढच्या वर्षी धायरीकडे टू बीएचके बघायचा विचार आहे, त्याला कर्ज काढावं लागेल. आजवर एक रुपयाचंही कर्ज घेतलेलं नाही त्यामुळे आमचं सिबिल (कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर) चांगलंच असणार. तर हे कार्ड घेऊ का? आणि त्या मुलीला दर वेळी नाही म्हणायचा मला फार संकोच वाटतो.

ताई, तुम्ही आकडे इतके नीट लिहून पाठवलेत ते फार बरं झालं, कारण बहुतेक पत्रांत "खूप फायदे आहेत म्हणे" एवढंच असतं आणि मग हिशोब कशाचा करणार. तर आधी तुमचाच हिशोब मांडू.

महिन्याला ६ हजार म्हणजे वर्षाला ७२ हजार. शंभराला ४ पॉइंट आणि पॉइंटचे २५ पैसे, म्हणजे शंभराला एक रुपया, सरळ १ टक्का. वर्षाचे झाले ७२० रुपये. आता फी ४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ५८९. ७२० मधून ५८९ गेले की राहतात १३१ रुपये. वर्षाचे. पहिल्या वर्षी ते ५०० चं व्हाउचर आणि त्या दिवशीच्या बिलावरचे १० टक्के धरले तर हजारभर रुपये सुटतील असं धरू, पण ते एकदाच. दुसऱ्या वर्षापासून १३१.

तुम्ही म्हणाल फी माफ करून घेते की, १ लाखाची तर अट आहे. त्याला २८ हजार अजून लागतात. ते जर तुम्ही लाइट बिल, शाळेची फी, औषधं असे एरवीही होणारेच खर्च कार्डावर टाकून भरून काढले तर ठीक, (आधी अटी वाचा, फीमाफीच्या हिशोबात भाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे असले खर्च बरीच कार्डं धरत नाहीत) तेव्हा तुम्हाला मिळतील दुकानातले ७२० आणि बाहेरच्या २८ हजारांवर शंभराला २५ पैशांनी ७०, एकूण ७९०. म्हणजे सगळं अगदी बिनचूक जमलं तरी महिन्याला ६५ रुपये. तेच १ लाख कुठल्याही बिनफीच्या साध्या १ टक्का कॅशबॅकवाल्या कार्डावर टाकले असते तर हजार मिळाले असते, आणि तेही कुठल्या एका दुकानात जाऊन वापरायची सक्ती नाही.

जाऊबाई हजारो म्हणतात त्याबद्दल. १ टक्क्याने ५ हजार सुटायला त्या एका दुकानात वर्षाला ५ लाखांची खरेदी लागते. जाऊबाई खोटं बोलतायत असं मी अजिबात म्हणत नाही, चार कार्डं सांभाळणारी बाई कुठलं कार्ड कुठे वापरायचं ते बघत असणार, त्यांचा खर्चही वेगळा असेल, विमानाची तिकिटं, हॉटेल, ऑनलाइन खरेदी. पण त्यांच्या खर्चावरचा फायदा तुमच्या खर्चाला लागू होत नाही, हे मात्र नक्की.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही गृहीत धरलंय की कार्ड आलं तरी दुकानातला खर्च ६ हजारच राहील. राहील का? दुकान आणि बँक दोघं मिळून हे कार्ड काढतात ते तुम्ही आणखी वेळा यावं, आणखी घ्यावं म्हणून, त्यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण त्यांचं गणित असं आहे की पॉइंट व्हाउचरच्या रूपात मिळतात, व्हाउचर अमुक रकमेच्या बिलावरच चालतं, पॉइंटना मुदत असते, मग मुदत संपायच्या आधी जाऊन येऊ म्हणून जाणं होतं, आणि गेलं की ५०० च्या व्हाउचरवर १४०० चं बिल होतं. वर्षात एक ७९९ चा कुर्ता, जो एरवी घेतला नसता, तेवढाच जास्तीचा आला तरी वरचा सगळा फायदा संपला. शिवाय काही बँका पॉइंट वटवताना ९९ रुपये अधिक जीएसटी अशी वेगळी फी घेतात, ती काउंटरवर कुणी सांगत नाही.

म्हणून कार्डाचा निर्णय घ्यायच्या आधी एक काम करा. त्याच दुकानाची गेल्या सहा महिन्यांची बिलं काढा, मोबाइल नंबर दिलेला असेल तर बहुतेक ॲपमध्ये किंवा एसएमएसमध्ये सापडतील. प्रत्येक बिलात दुकानात शिरताना यादीत नव्हतं ते पेन्सिलने खूण करा. कार्ड नसताना, स्वतःच्या खात्यातले पैसे जाताना खुणा इतक्या आहेत तर कार्ड आल्यावर किती होतील ते तुमचं तुम्हाला कळेल, मी किंवा जाऊबाई सांगायची गरज नाही. आणि हेही बघा की तिथलंच तेल, डाळ, साबण डी-मार्टला किंवा गल्लीतल्या वाण्याकडे किती पडतं. महिन्याच्या सामानात शंभर-दीडशेचा फरक निघाला तर १ टक्क्यासाठी त्या दुकानाला बांधून घेणं तोट्याचं आहे, आणि भाजी तर तुम्ही तशीही मंडईतूनच नाहीतर कोपऱ्यावरच्या मावशींकडून घेत असाल.

मिस्टरांच्या म्हणण्याकडे येऊ. कार्ड म्हणजे कर्ज हे ते म्हणतात त्यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे. बिल पूर्ण भरलं तर खरेदीच्या दिवसाप्रमाणे साधारण २० ते ५० दिवस बिनव्याजी मिळतात, जुन्या काळी वाण्याकडे वही असायची आणि पगार झाला की चुकती व्हायची, तसंच. पण बिलावर दोन आकडे छापलेले असतात, एक एकूण देय रक्कम आणि एक मिनिमम, आणि माणूस अडचणीच्या महिन्यात तो छोटा आकडा भरून निवांत होतो. समजा १२ हजारांचं बिल आलं आणि तुम्ही मिनिमम ६०० भरले. बऱ्याच कार्डांना महिन्याला ३.५ टक्के व्याज आहे, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि ते नुसत्या उरलेल्या ११,४०० वर पुढच्या महिन्यापासून लागत नाही, सगळ्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून लागतं. एका महिन्याचं धरलं तरी ४२० रुपये, त्यावर जीएसटी ७६, झाले ४९६. म्हणजे तुमच्या त्या १३१ रुपयांची जवळजवळ चार वर्षांची कमाई एका महिन्यात गेली. वर, सगळं चुकतं होईपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या साखरेवरही आजपासून व्याज. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं अन्याय्य आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, तेव्हा त्या मर्यादेचा आधार आता नाही. एटीएममधून कार्डावर पैसे काढणं तर विचारातही आणू नका, तिथे काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

मग मिस्टरांचं ऐकून कार्ड नकोच का? नाही, थांबा, कारण तुमच्या पत्रातलं ते सिबिलचं वाक्य. ते बहुतेक सगळ्या सरळमार्गी घरांत ऐकायला मिळतं. कर्जच घेतलेलं नाही म्हणून सिबिल चांगलं, असं नसतं. ज्याने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलं नाही त्याचा स्कोअर चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, तो नसतोच, रिपोर्टमध्ये हिस्टरी नाही असं येतं. तुम्ही वेळेवर परत करता की नाही हे दाखवणारी एकही नोंद बँकेपुढे नाही. नुसती हिस्टरी नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय हे खरं, पण गृहकर्जाचा व्याजदर बऱ्याच बँका स्कोअर बघून ठरवतात, आणि २० वर्षांच्या कर्जात पाव टक्क्याचा फरक लाखांत जातो. पॉइंटच्या ६५ रुपयांपेक्षा हा आकडा बघा.

आणि अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की ती मिळत नाही. ६० लाखांचा फ्लॅट धरला तर ६० हजार रुपये वाचतात. पण घर तुमच्या नावावर म्हणजे बँक तुम्हाला कर्जात अर्जदार म्हणून घेणार आणि तुमचाही रिपोर्ट बघणार. तुमचा, नुसता मिस्टरांचा नाही. हे दोघांनी एकदा बसून नीट बोला, घर कुणाच्या नावावर हा विषय नाजूक असतो, पण दुकानाच्या कार्डापेक्षा चहा घेता घेता बोलण्यासारखा हाच विषय आहे.

तर माझं मत सरळ सांगते. दुकानाचं हे कार्ड घेऊ नका. पण पुढच्या वर्षी कर्ज काढायचं असेल तर तुमच्या स्वतःच्या नावावर एक साधं, आयुष्यभर बिनफीचं कार्ड आत्ताच घ्या, शक्यतो ज्या बँकेत पगार जमा होतो तिथूनच. अजून दोन महिन्यांनी घेऊ असं करू नका, कारण स्कोअर तयार व्हायला साधारण सहा महिन्यांची नोंद लागते, आणि कर्जाच्या तोंडावर नवीन कार्डासाठी केलेला अर्ज रिपोर्टमध्ये चौकशी म्हणून दिसतो तो वेगळाच. याच कारणासाठी दुकानाचंही घेऊ आणि बँकेचंही घेऊ, असं करू नका. पगाराच्या बँकेने नाही म्हटलं तर लगेच दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकत सुटू नका, अर्ज नाकारला तर त्याचं कारण लेखी देणं बँकेला बंधनकारक आहे, ते मागून घ्या. आणि एफडी असेल, (पुण्यात नोकरदाराच्या घरात एखादी असतेच) तर त्या एफडीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत, एफडी मोडायची नाही, तिच्यावर व्याज चालूच राहतं आणि कार्डाला पगाराच्या स्लिपाही फारशा लागत नाहीत. रिटायर झालेल्यांना आणि पहिल्या नोकरीतल्या पोरांनाही मी हाच रस्ता सांगते.

कार्ड आलं की पहिल्याच दिवशी ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय) लावा आणि लावताना "टोटल अमाउंट ड्यू" निवडा, बरीच ॲप्स "मिनिमम" पुढे करतात. लिमिट दीड लाखाचं दिलं तर घ्या पण वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा, स्कोअरला ते बरं असतं. परदेशातले व्यवहार बंदच ठेवा. एकच ठरलेला खर्च त्याच्यावर टाका, लाइट बिल म्हणा किंवा महिन्याचा किराणा, बाकी सगळं आत्ता जसं यूपीआयने चालतं तसं चालू द्या. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे रस्त्यावरच्या भेळेपासून सगळं कार्डावर टाकता येतं, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते, दिवसाला दहा वेळा स्कॅन केलेल्या ४०-६० रुपयांची बेरीज महिन्याअखेरीपर्यंत कुणी करत नाही. पहिलं वर्षभर तरी जोडू नका. वर्षातून एकदा सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून रिपोर्ट फुकट मिळतो, तो बघत चला.

दुकानाचं कार्ड कुणी घ्यावं मग? आहेत अशी माणसं. फी शून्य असेल, खरेदी आधीपासून तिथलीच असेल आणि बिल कधीच थकत नसेल तर घ्या खुशाल. अमेझॉन पे आयसीआयसीआयचं कार्ड २०१८ पासून आहे, त्याला वार्षिक फी नाही, तिथे जे एरवीही महिन्याला चार हजारांचं सामान मागवतातच त्यांना त्याचा उपयोग होतो. घरात लग्न असेल आणि एकाच चेनमधून दोन-अडीच लाखांचे कपडे घ्यायचे असतील तर पहिल्या बिलावरची सूट मोठी दिसते, पण तिच्यावर बहुतेक वेळा कमाल रकमेची मर्यादा असते, १० टक्के म्हणजे २५ हजार असं धरून बस्ता बांधायला जाऊ नका, लिहिलेलं वाचा. आणि ज्यांच्या घरी दर दोन महिन्यांनी पगार पुरत नाही आणि कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात त्यांनी, कळकळीने सांगते, दुकानाचं काय आणि बँकेचं काय, आत्ता कुठलंच कार्ड घेऊ नका.

आता तो संकोच. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतातच. ती मुलगी दिवसाला इतके फॉर्म भरायचे या टार्गेटवर उभी असते, तिच्यावर रागावू नका, पण तिच्या टार्गेटसाठी तुम्ही पॅन, आधार आणि ओटीपी देणं लागत नाही. "नको ताई, आमच्याकडे आहे" एवढं हसून म्हणा, बँकेचं कार्ड घेतलंत की ते खरंही असेल. मागे रांग लागलेली असताना क्रेडिट कार्डाचा फॉर्म कधीच भरू नये, कुणीच. घ्यायचंच असेल तर बँकेच्या वेबसाइटवर "महत्त्वाच्या अटी व शर्ती" नावाचं पत्रक असतं, फी, व्याज, लेट फी सगळं त्यात असतं, ते घरी बसून वाचा आणि मग घ्या. एक लक्षात ठेवा, कार्डावर नाव दुकानाचं मोठं असलं तरी कार्ड बँकेचं असतं, उधारी बँकेची, तक्रारही बँकेकडे. दुकानात जाऊन भांडलात तर ते बँकेचा नंबर देतील आणि त्यांचं चूक नसेल. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. तुमचा मोबाइल नंबर देऊन मिळणारी दुकानाची फुकटची मेंबरशिप असेल तर ती मात्र चालू ठेवा, तिचा कर्जाशी संबंध नाही.

आणि हे वाचताना ज्यांनी मागच्याच रविवारी मॉलमध्ये घाईत फॉर्म भरून टाकलाय त्यांच्यासाठी. कार्ड घरी आलं तरी ॲक्टिव्हेट करू नका. ३० दिवसांत ॲक्टिव्हेट झालं नाही तर बँकेला तुमच्याकडून ओटीपीने परवानगी मागावी लागते, तुम्ही दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड फुकट बंद करावं लागतं, रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. "मॅडम फक्त व्हेरिफिकेशनचा ओटीपी आहे" म्हणून फोन आला तर ओटीपी सांगू नका, फोन ठेवून द्या. ॲक्टिव्हेट होऊन गेलं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका, देणं शून्य करा, कार्डाला जोडलेले ऑटोपे, ओटीटीचं वगैरे, काढून टाका आणि मग बंद करायची विनंती ॲपमधून किंवा ईमेलने करा, फोनवर नको, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. थकबाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी सिबिलच्या रिपोर्टमध्ये ते कार्ड "क्लोज्ड" दाखवतंय ना ते बघा, ताई तुमच्यासारखं गृहकर्ज काढायचं असेल त्यांनी तर नक्कीच बघा.